बूस्टर नको, वायर बदला

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या जुन्या सोसायट्यांत टीव्हीचं चित्र फुटायला लागलं, की केबलवाल्या पोराचं उत्तर ठरलेलं असतं : "बूस्टर हाकोणा सर." म्हणजे सिग्नल वाढवणारा बूस्टर लावूया. डबी लागते, चार दिवस बरे जातात, आणि पाऊस आला की पडद्यावर पुन्हा चौकोन.

मी मूळचा मालवणचा. आधी मुंबईच्या गोदीत वायरमन होतो, मग दुबईत जुन्या मोटार यॉटची डागडुजी करणाऱ्या यार्डात. आता कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्याजवळ मुलाकडे राहतो. मुलगा आणि सून सगळं मोबाइलवर बघतात. आमच्या हिला मात्र रात्री जेवणं आटोपली की बेडरूममध्ये पडल्या पडल्या मराठी मालिका हव्यात, त्याही रिमोटचं एकच बटण दाबून. इमारत वीसेक वर्षांची. बेडरूममध्ये केबलचं सॉकेट होतं, पण सिग्नल धड येत नव्हता. माझ्या दृष्टीने हे काम नवं नव्हतं. जुन्या यॉटला धक्क्यावरून केबल टीव्ही द्यायचा तर अगदी हेच करावं लागतं.

मुंबईत गेटवेसमोर ज्या खासगी बोटी दिसतात त्या उघड्या पाण्यात नांगराला किंवा बोयाला बांधलेल्या असतात. किनाऱ्यावरून त्यांना वायर जाणारच कुठून? पण परदेशी मरीनात बोट तरंगत्या धक्क्याला लागते. तिथे कमरेएवढ्या खांबावर वीज आणि पाण्याची जोडणी असते, काही ठिकाणी टीव्हीचीही. नव्या यॉटवर त्यासाठी बाहेरच्या बाजूला झाकणाचं सॉकेट बसवूनच देतात. जुन्या यॉटवर छतावरचा अँटेना आणि त्यातून निघालेली एक बारीक वायर, एवढंच. मालक म्हणतो, "धक्क्यावरची केबल त्याच वायरीला जोडून टाक." तसं कधीच करू नये. अँटेना आणि केबल एकत्र बांधली, तर केबलमधले सिग्नल अँटेनातून बाहेर फेकले जातात आणि शेजारच्या बोटींनाही त्रास होतो. मध्ये बदलीचा स्विच लागतो : एक तर अँटेना, नाही तर धक्का.

बोटीवर आणखी एक भानगड असते, आणि ती भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. टीव्हीच्या वायरीची बाहेरची जाळी म्हणजे धातूचा सलग रस्ताच. त्या रस्त्याने बोटीचं अर्थिंग धक्क्याच्या अर्थिंगला जाऊन मिळतं. मग शेजारी बांधलेल्या बोटी आणि आपली बोट मिळून खाऱ्या पाण्यात एक बॅटरी तयार होते आणि आपला पाण्यातला पंखा (प्रोपेलर) आणि त्याचा दांडा हळूहळू खाल्ला जातो. विजेच्या वायरीवर हा रस्ता अडवणारा महागडा आयसोलेटर बसवलेला असतो, पण टीव्हीच्या वायरीचा कोणी विचारच करत नाही. तिच्यासाठीही वेगळा छोटा आयसोलेटर मिळतो.

फ्लॅटला प्रोपेलरही नाही आणि खारं पाणीही नाही. बाकी सगळं तेच.

टीव्हीच्या या वायरीला कोएक्स म्हणतात. तिच्या मधोमध तांब्याची तार असते, तिच्याभोवती फोम, त्यावर फॉइल आणि जाळी, वर प्लॅस्टिक. आमच्या बिल्डरने भिंतीत आरजी-५९ नावाची बारीक वायर टाकलेली होती. आज आरजी-६ वापरतात. तिची मधली तार जाड, सुमारे एक मिलिमीटरची असते. केबलच्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास, शंभर मीटरमध्ये आरजी-६ साधारण २० डेसिबल खाते आणि आरजी-५९ साधारण २६. तीन डेसिबल गेले की ताकद निम्मी होते, दहा गेले की एक दशांश उरते. खालच्या फ्रिक्वेन्सीवर तोटा कमी असतो. म्हणूनच काही वाहिन्या स्वच्छ दिसतात आणि काही फुटतात, आणि आपण उगाच त्या वाहिनीला नावं ठेवतो.

मग हीच वायर इतकी वर्षं चालली कशी? कारण तेव्हा सिग्नल अॅनालॉग होता. ताकद कमी झाली की चित्रावर मुंग्या यायच्या, पण माणसं ओळखू यायची आणि आपण निभावून न्यायचो. डिजिटल केबलसाठी दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत होती आणि बेंगळुरू त्याच टप्प्यात होतं. सेट-टॉप बॉक्स आले. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ असतं, आणि त्याखाली एकदम तुटतं. जुन्या वायरीचं पितळ तेव्हा उघडं पडलं.

आमच्या मजल्यावर वायरी जिथून येतात त्या शाफ्टमध्ये सिग्नल मोजायचा मीटर लावला तेव्हा ६८ डीबी-मायक्रोव्होल्ट मिळाले. बॉक्सला साधारण ४७ ते ६७ मिळाले की तो सुखात असतो. म्हणजे कंपनीकडून सिग्नल चांगला येत होता. पुढचा हिशेब असा : शाफ्टमध्ये सिग्नल वाटून देणाऱ्या दोन तोंडांच्या स्प्लिटरने ४ डेसिबल खाल्ले, पंचवीस मीटर जुन्या वायरीने साडेसहा. फॉल्स सीलिंगमध्ये कोणी तरी लपवलेल्या चार तोंडांच्या स्प्लिटरने ८ खाल्ले (त्याची तीन तोंडं उघडीच होती), पुढच्या पंधरा मीटरने ४, आणि टेप गुंडाळलेल्या सांध्यांनी दीड. एकूण २४. बेडरूममध्ये उरले ४४. एवढ्यावर काही वाहिन्या येतात, काही नाहीत.

इथे टीव्हीमागे बूस्टर लावला तर काय होईल? तिथपर्यंत येताना सिग्नल मरगळलेला असतो आणि त्यात वायरीतला कचरा मिसळलेला असतो. बूस्टर दोघांनाही सारखंच मोठं करतो. आतल्या फोडणीचा करपट वास वर तूप ओतून जात नाही. बूस्टर लावायचाच असेल तर तो वायरीच्या सुरुवातीला लावावा, जिथे सिग्नल अजून निरोगी आहे, आणि तोही गरज असेल तरच. आधीच तगडा असलेला सिग्नल वाढवला तर बॉक्स गुदमरतो आणि चित्र पुन्हा फुटतं.

आम्ही शाफ्टपासून बेडरूमपर्यंत आरजी-६ ची सलग नवी वायर टाकली, तीस मीटरची, मध्ये एकही सांधा नाही. विजेच्या वायरीच्या पाइपातून ती नेली नाही, बाल्कनीच्या कडेने नेली. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता तिथेच ठिबकून जातं. टोकांना हाताने पिळून बसवायचे कनेक्टर नको म्हणून सांगितलं. दाबून बसवायचे घेतले, त्यासाठी वेगळं हत्यार लागतं. पिळलेला कनेक्टर बोटीवर एका पावसाळ्यात हिरवा पडलेला मी पाहिलाय. इथे रस्त्यावरच्या वायरी झाडांवरून आणि बेस्कॉम या वीज कंपनीच्या खांबांवरून लोंबकळत येतात, त्यांची गत याहून वेगळी नाही. शाफ्टमध्ये दोन तोंडांचा एकच स्प्लिटर ठेवला, एक तोंड हॉलला आणि एक बेडरूमला. आता तोटा स्प्लिटरचा ४ आणि वायरीचा ६. बेडरूममध्ये ५८ आले. बूस्टर बसलाच नाही.

आमच्या आधीच्या भाडेकरूची डिश गच्चीवर होती आणि तिची वायर त्याच जाळ्यात जोडलेली राहिली होती. हे मात्र तुमच्या घरी असेल तर आजच काढून टाका. डिशच्या वायरीतून वर बसवलेल्या एलएनबी नावाच्या भागाला १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जात असतात, आणि केबलच्या उपकरणांना ते मानवत नाहीत. यॉटवरचा अँटेना आणि धक्का वेगळे ठेवायचा नियम इथेही लागू होतो.

काही नव्या संकुलांत आता फायबर थेट घरात येतं आणि दारामागच्या छोट्या डबीतून कोएक्स निघते. शाफ्टचा भाग त्यात सुटतो. डबीपासून बेडरूमपर्यंतची वायर मात्र तीच जुनी असेल, तर वरचा हिशेब तसाच करावा लागेल.

मराठी वाहिन्यांबद्दल एक सांगतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या एकेक करून निवडता येतात, पण तुमच्या केबल कंपनीने ती वाहिनी मुळात घेतलेली असायला हवी. कर्नाटकात हे गृहीत धरू नका. वायर ओढण्याआधी फोन करून नावानिशी विचारा.

आणि केबलवाला आला की बूस्टरची पेटी उघडण्याआधी त्याला मीटर काढायला लावा. शाफ्टमधला आकडा आणि टीव्हीजवळचा आकडा, दोन्ही पावतीवर लिहून घ्या. मीटर नाही म्हणाला तर पैसे देऊ नका, मीटर घेऊन ये म्हणा.