संगणकातील गळती
महिन्याची 20 तारीख, जीएसटीचे 3बी विवरणपत्र आणि पडद्यावर गरगरणारे चक्र! कर देय असल्यास विलंबशुल्क दिवसाला 50 रुपये. दोष मात्र सरसकट इंटरनेट कंपनीला दिला जातो. विंडोज 10 व 11 मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाची सोय आहे. तीत इंटरनेटवरील संगणकांचा पर्याय निवडलेला असल्यास आपला संगणक अपडेटचे तुकडे अनोळखी संगणकांनाही पुरवीत बसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करावी. विंडोज 20 टक्के वेग राखून ठेवते, ही जुनी समजूत मात्र निराधार. मागणी नसताना तो वाटा सर्वांना मोकळाच असतो. डीएनएस 1.1.1.1 केल्यास संकेतस्थळाचा पत्ता कदाचित लवकर सापडेल, फाइल लवकर उतरेलच असे नाही. आणि राउटर लोखंडी तिजोरीमागे ठेवलेला असेल, तर आधी तो बाहेर काढावा.