साप एकाच जातीचा, विष मात्र निराळे

पहिला मोठा पाऊस झाला, बिळांत पाणी शिरले, की साप कोरडी जागा शोधत माणसांच्या वस्तीकडे येतो. आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीत तो जिन्याखाली सापडतो. तुमच्या गावी गोठ्यात, पेंढ्याखाली, नाहीतर लाकडांच्या ढिगात. साप दिसला तर काय करावे हे आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. पण तो चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात ते कशाचे असते, एकाला थोडक्या कुप्या पुरतात आणि दुसऱ्याला पुष्कळ का लागतात, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सर्पविष हा एक पदार्थ नव्हे. तो अनेक प्रथिनांचा काढाच म्हणा ना! आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपासून मुख्य भय. नाग नि मण्यार यांचे विष मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. त्यातही मण्यार फार फसवी. ती रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. मग पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडकतो. तिचे विष मज्जातंतूंची टोकेच निकामी करते, म्हणून उशीर झाला तर औषधाने झालेली हानी भरून येत नाही. ती टोके पुन्हा तयार होईपर्यंत रोग्याला यंत्राने श्वास द्यावा लागतो.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते. रक्त गोठवणारी द्रव्ये ते खर्चून टाकते आणि मग रक्त गोठतच नाही. याची परीक्षा तालुक्याच्या दवाखान्यातही होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी कलंडवून पाहायची. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विष भिनले आहे असे समजावे.

आता औषधाकडे वळू. आपण त्याला लस म्हणतो, पण ती आधी टोचून ठेवायची लस नव्हे. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा देत देत वाढवीत नेतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून शुद्ध करतात. १८९५ च्या सुमारास फ्रान्सच्या आल्बेर काल्मेत यांनी असे औषध प्रथम केले, तेव्हा एकच औषध सर्व सापांवर चालेल अशी आशा होती. ती आशा मुंबईतच मोडली. विसाव्या शतकाच्या आरंभी इथल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवले की, नागाच्या विषावरचे औषध घोणशीच्या विषावर चालत नाही. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून परळची हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पुढे चारही सापांची विषे घोड्याला देऊन एकत्र औषध तयार होऊ लागले. आज दवाखान्यात मिळते ते हेच.

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटेल. पण या औषधासाठी लागणारे बहुतेक विष वर्षानुवर्षे एकाच भागातून येत आले आहे. चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ मध्ये काढलेली सहकारी संस्था साप पकडते, विष काढते आणि साप परत सोडून देते. मोठे कसबी लोक! मात्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने २०२१ मध्ये असे दाखवले की, नाग किंवा घोणस यांचे विष प्रांतोप्रांती बदलते आणि काही ठिकाणच्या विषावर प्रचलित औषध अपुरे पडते. २०२५ मध्ये त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासले. कोरड्या मुलखातल्या घोणशींच्या विषात प्रथिने तोडणारी द्रव्ये अधिक जोरदार आढळली. तेव्हा औषधाच्या कुप्या जास्त लागल्या तर त्याचे एक कारण हेही असू शकते.

याचा अर्थ औषध कुचकामी आहे असा कोणी घेऊ नये. ते अपुरे असले तरी विषाला उतारा तेवढाच आहे. मांत्रिकाला यश येते, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. तेव्हा करकचून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ घालवू नका. मोडलेल्या हाडासारखा तो हात किंवा पाय स्थिर ठेवून दवाखाना गाठा, आणि दंश केव्हा झाला ते डॉक्टरांना सांगा. साप मारून नेण्याची गरज नाही.

संशोधनाचा ओघ आता घोड्याला वगळण्याकडे आहे. २०२४ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि बंगळूर येथील शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केलेले एक प्रतिद्रव्य जाहीर केले. त्याने नाग आणि मण्यार यांच्या कुळातल्या काही सापांच्या विषापासून उंदीर वाचवले. घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा घाट निराळा, त्यामुळे त्यांच्यावर हे प्रतिद्रव्य चालणारे नाही. आणि आपल्या कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडच्या कातळावर, भरणा आहे तो फुरशांचाच.