बदाम ताटात नाही, तेलात आहे

रमजानचा शेवटचा अशरा लागला की बाजाराचं रूपच पालटतं. शेवया, खजूर, चारोळी, पिस्त्यांच्या गाड्यांना खेटून अत्तर, सुरमा, मिसवाक, मेंदीचे कोन आणि उटण्याच्या पुड्या मांडलेल्या असतात. तोंडात जायचं आणि अंगाला लागायचं, दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतं. ज्या घरात कुणाला एखाद्या खाद्यपदार्थाची ॲलर्जी आहे, तिथं या पिशवीतला अर्धाच माल तपासला जातो. शीरखुर्मा बिनबदामाचा वेगळा शिजतो, डोक्याला लावायच्या बाटलीकडे मात्र कुणी वळून बघत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला बदाम आणि तीळ चालत नाहीत. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. इफ्तारला दस्तरखान अंथरलं की कुठली वाटी त्याच्या हाताशी ठेवायची नाही, हे त्याची चार वर्षांची बहीणसुद्धा सांगते. गेल्या वर्षी चांदरातीला वडील त्याला केस कापायला घेऊन गेले. त्या रात्री सलूनमध्ये किती गर्दी असते हे सांगायला नको. ‘तेल लावू नका’ असं सांगूनही कारागिरानं कौतुकानं चार थेंब टाळूवर चोळलेच. वर म्हणाला, ‘शुद्ध बदाम आहे, याचा कुणाला त्रास होत नाही.’ दहा मिनिटांत पोराचे कान लाल झाले, पापण्या सुजल्या. हात डोळ्याला आणि मग तोंडाला गेला होता. ईदची फजर त्या घरानं दवाखान्यात काढली.

धडधाकट कातडी ही चांगली भिंत असते. तिच्यावर ॲलर्जीचा पदार्थ लागला तर बहुतेक वेळा तेवढ्यापुरत्या गांधी उठतात. पण एक्झिमा असेल, खाजवून कातडी फुटली असेल, किंवा ती वस्तू ओठ-डोळ्यांपर्यंत गेली, तर प्रकरण वाढू शकतं. इतकंच नाही, तर फुटलेल्या कातडीतून शरीर नवी ॲलर्जी ‘शिकतं’, असं संशोधक मानू लागले आहेत. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी आणि पुरळावर लावलेली शेंगदाणा तेलाची मलमं यांचा संबंध दिसून आला. जपानचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. तिथल्या ‘चा नो शिझुकु’ या चेहऱ्याच्या साबणात गव्हाचं विघटित प्रथिन घातलेलं होतं. वर्षानुवर्षं बिनधास्त गहू खाणाऱ्या बायका रोज त्या साबणानं तोंड धुऊ लागल्या आणि पुढं पाव-नूडल्स खाल्ल्यावर त्यांना ॲलर्जीचे झटके येऊ लागले. असे दोन हजारांहून अधिक रुग्ण निघाले. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत मागवण्यात आला.

टूथपेस्टचंही तसंच. दातांच्या मजबुतीसाठी डॉक्टर लिहून देतात त्या काही पेस्टमध्ये केसीन, म्हणजे दुधाचं प्रथिन असतं. तसं वेष्टनावर लिहिलेलं असतं, पण टूथपेस्टचं वेष्टन वाचतो कोण? 2019 मध्ये कॅलिफोर्नियात दुधाची ॲलर्जी असलेली 11 वर्षांची मुलगी अशाच पेस्टनं दात घासल्यावर दगावली.

आता वाचायचं म्हटलं तरी वाचायचं काय, हा खरा प्रश्न आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोया, गहू यांची सूचना स्पष्ट द्यावी लागते (तीळ आपल्या यादीत अजून नाही). सौंदर्यप्रसाधनांवर घटक लिहिलेले असतात, पण लॅटिन नावांनी. प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस म्हणजे बदाम. सेसॅमम इंडिकम म्हणजे तीळ. अराकिस हायपोजिया म्हणजे आपला भुईमूग, ट्रिटिकम म्हणजे गहू, ग्लायसिन सोजा म्हणजे सोयाबीन, जुग्लान्स रेजिया म्हणजे अक्रोड. स्क्रबमधले खरखरीत दाणे बऱ्याचदा अक्रोडाच्या टरफलाचे असतात.

आमच्या घरांत याच्या जोडीला आणखी एक लिपी येते, युनानीची. उपवासाच्या दिवसांत डोकं तापतं आणि तेल लावल्यानं रोजा तुटत नाही, म्हणून या महिन्यात युनानी तेलांच्या बाटल्या हमखास निघतात. तिथं ‘रोगन’ म्हणजे तेल, एवढं सगळ्यांना कळतं. पण ‘कुंजद’ म्हणजे तीळ, ‘बैजा’ म्हणजे अंडं, ‘गंदुम’ म्हणजे गहू आणि ‘मग्ज’ म्हणजे गर, हे फारसी शब्द नव्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहेत? ‘रोगन लबूब-ए-सबा’ हे तर सात गरांचं तेल. बदाम, पिस्ता, अक्रोड, तीळ सगळे एकाच बाटलीत नांदतात. ज्याला ते सोसतं त्याच्यासाठी उत्तम. माझ्या भाच्यासाठी ती बाटली म्हणजे बंद कुपीतला विंचू.

लाकडी घाण्याच्या तेलाचं सध्या भलतंच वेड आहे. मलाही त्याचा वास आवडतो. पण शुद्धीकरणात तेलातलं प्रथिन जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि ॲलर्जी प्रथिनाचीच असते. त्यामुळं इथं ‘जितकं शुद्ध तितकं सुरक्षित’ हा हिशेब उलटा पडतो. ‘हर्बल’ या शब्दाचंही तेच. बदाम झाडालाच लागतो. ‘हलाल’चा शिक्का डुकराची चरबी, मद्यार्क यांबद्दल सांगतो, तिळाबद्दल नाही. ‘हायपोअलर्जेनिक’ हा शब्द तर अमेरिकेतही कायद्याच्या व्याख्येविना वापरला जातो.

मग लावायचं काय? उत्तर नीरस आहे आणि स्वस्तही. कोरड्या अंगाला बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली. डोक्याला खोबरेल, कारण नारळाची ॲलर्जी तुलनेनं फार थोड्यांना होते. मात्र ‘बदामयुक्त’ खोबरेल नको. उटण्यात डाळीचं पीठ, साय, बदाम असतात, त्याऐवजी मुलतानी माती आणि साधं गुलाबजल. केसांना रिठा-शिकेकाई, रिठ्याला इंग्रजीत ‘सोपनट’ म्हणतात म्हणून घाबरू नये, सुकामेव्याशी त्याचं नातं नाही. दातांना मिसवाक आहेच, ती पिलूच्या झाडाची काडी. मेंदी हातानं भिजवलेली असावी. पटकन चढणाऱ्या काळ्या मेंदीत केसांच्या कलपाचं रसायन असतं, त्यानं ॲलर्जी नसलेल्यांचेही हात भाजतात. आणि ‘आधी कोपरावर लावून बघू’ हा सल्ला ज्याला पूर्वी जोराचा झटका येऊन गेलाय त्याच्यासाठी नाही. त्याची तपासणी डॉक्टरांपुढंच व्हायला हवी.

यादी करणं सोपं. कठीण असतं ते आमच्या अम्मीला समजावणं. तिच्या लेखी नातवाच्या टाळूला बदाम तेल जिरवणं ही दुआच आहे. बहिणीनं तिला नकार दिला नाही. खोबरेलची नवी बाटली तिच्या उशाशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, ‘अम्मी, याच्यावर दम करून द्या, रोज तुम्हीच लावा.’ आता बाटली संपत आली की अम्मीच आठवण करते.

मोठ्या मुलांच्या घरात रोजाचा प्रश्न येतो. श्वास लागला, आवाज बसला, ओठ सुजले, चक्कर आली, तर मगरिबची वाट बघत बसायचं नाही. लगेच दवाखाना, लगेच ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. आजाऱ्याला सुटलेला रोजा पुढं भरून काढण्याची मुभा सूरह बकरामध्येच आहे.

राहता राहिली ईदची गळाभेट. शीरखुर्मा खाल्लेले हात मुलांच्या गालांवरून फिरतात. आपल्याला वाटतं, नमाजला जाताना वजू केला, म्हणजे हात स्वच्छ झाले. तहारतीच्या दृष्टीनं झालेच. पण हातावर चिकटलेलं शेंगदाण्याचं प्रथिन नुसत्या पाण्यानं आणि सॅनिटायझरनं नीट जात नाही, साबणानं जातं, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. म्हणून यंदा बहिणीनं बेसिनपाशी साबण आणि टॉवेल मांडायचं ठरवलंय. पाहुण्यांनी आधी हात धुवायचे, मग पोराला उचलायचं. तुम्हीही मांडा. फक्त साबणाचं वेष्टन वाचून घ्या. दुकानात सध्या बदामाचा आणि बकरीच्या दुधाचा साबण बराच आलाय.