मुलाच्या डोक्यावरचे टेंगूळ उतरत नाही तेव्हा

काजूच्या हंगामात इब्रामपूरकडच्या डोंगरउतारांवर मोठी माणसे बोंडू गोळा करण्यात गुंतलेली असतात आणि मुले झाडाखाली खेळत असतात. पडणे-आपटणे रोजचेच. म्हणून डोक्यावर टेंगूळ दिसले की हळद लावून आपण विसरतो. माराचे टेंगूळ आठ-पंधरा दिवसांत ओसरते. ते तसेच राहिले, मऊ पडून वाढू लागले, दाबताच दुखू लागले, तर आमचे आईबापांना सांगणे आहे की तेल चोळीत बसू नका, क्ष-किरण फोटो काढून घ्या.

फोटोत क्वचित कवटीला गिरमिटाने पाडावे तसे गोल भोक दिसते. या विकाराचे नाव लांबलचक आहे : लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने 1868 साली त्वचेतील काही पेशींचे वर्णन केले आणि त्या मज्जातंतूंच्या आहेत असे मानले. वस्तुतः त्या शरीराच्या पहारेकरी पेशी. तशाच दिसणाऱ्या पेशी या विकारात वाढून हाड पोखरतात. दहा लाख मुलांत वर्षाला चार-पाचांनाच तो होतो. पुष्कळ रुग्णांच्या या पेशींत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल असतो, हे 2010 साली उघड झाले. तो बहुधा जन्मानंतर घडतो. आईच्या खाण्यापिण्याचा किंवा कोणाच्या दृष्टीचा येथे संबंध नाही, आणि हा रोग संसर्गाने पसरत नाही. एवढे सांगितले तरी सुनेला बोल लावणारी घरे आहेतच!

हाच विकार मणक्यात झाला तर मणका दबून चपटा होतो. मांडीच्या हाडात झाला तर मूल लंगडते. अशा वेळी हाड बसवणाऱ्याकडे नेणे घातक ठरू शकते. कान सतत वाहणे, डोक्यावर न जाणारा खवल्यांचा कोंडा, दात हलणे, याही खुणा ध्यानात ठेवाव्यात. मूल रात्रभर पाणी मागते आणि वारंवार लघवीला जाते, पण लघवीत साखर नसते, तर मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीला झळ पोचलेली असू शकते. हे काही वर्षांनीही होते. त्यावर औषध आहे, ते मात्र बहुधा जन्मभर घ्यावे लागते.

निदान तुकडा काढून तपासल्यावरच पक्के होते. प्रथम म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात दाखवावे, तेथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. कधी मुंबईच्या टाटा इस्पितळातही जावे लागते. पाटी कर्करोगाची म्हणून धीर सोडू नये. एकाच हाडात असेल तर पुष्कळदा खरवडल्यावर, कधी आपोआपही, भोक भरून येते. अनेक अवयवांत पसरला असेल तर व्हिनब्लास्टिनची इंजेक्शने व प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुमारे वर्षभर चालतात. बरा झालेला विकार उलटू शकतो, म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. औषधे चालू असताना शेजारी कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत.