मुलांच्या हाती मोबाइल : किती वेळ?

जेवताना मोबाइल लावल्याशिवाय बाळ घास घेत नाही, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. वस्तुतः पडद्यात गुंतलेल्या बाळाला पोट भरल्याचे भान राहत नाही. भाषेचेही तसेच आहे. बाळाने हुंकार द्यावा आणि आईने त्याला उत्तर द्यावे, या देवाणघेवाणीतून शब्द रुजतात. पडदा केवळ बोलतो, ऐकत नाही.

यास्तव जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली एक वर्षाखालील बालकांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासापुरताच असावा, असे सुचविले. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन तासांहून कमी वेळ सांगितला आहे.

पुढील वयात मात्र केवळ घड्याळ पाहून भागत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी २०१६ साली सहा वर्षांवरील मुलांसाठी तासांचा आकडा न देता पडद्याने झोप, खेळ व अभ्यास यांची जागा घेऊ नये, यावर भर दिला. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. उन्हातले खेळणे सुटले की लघुदृष्टीचा धोका वाढतो. म्हणून निजण्यापूर्वी तासभर मोबाइल बंद करून तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. पालकांनी आपलाही तेथेच ठेवावा. एरवी मुले ऐकतील कशी?