तांबट आळी : ठोके तेच, गिऱ्हाईक वेगळे

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती आणि लाल महाल इथलेच. तो इतिहास पुणेकरांना पाठ असतो. याच पेठेतली तांबट आळी मात्र पाटी वाचण्याआधी कानांनी सापडते.

आळीतली मूळ वस्ती त्वष्टा कासार समाजाची. ही कुटुंबे पेशवाईत कोकणातून आली. दरबारासाठी नाणी आणि शस्त्रेही त्यांनी घडवली, असे सांगितले जाते. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि कारागिरांची भिस्त घरगुती भांड्यांवर आली. हंडे, घागरी, पराती, तपेली आणि न्हाणीघरातला बंब. खाली कारखाना, वर किंवा मागे बिऱ्हाड, अशी घरांची रचना.

खरे कसब मठारकामात, म्हणजे तयार भांड्यावर हातोडीने ठोके उमटवण्यात. पत्र्याला आकार देताना तांबे ठोक्यांनी ताठर होते, म्हणून ते मधूनमधून भट्टीत तापवून नरम करावे लागते. जोड झाळून, भांडे धुऊन झाले की मठारणे सुरू होते. कारागीर जमिनीवर बसतो, भांडे लोखंडी दांड्यावर चढवतो आणि डाव्या हाताने ते किंचित किंचित फिरवत राहतो. हातोडी जागा सोडत नाही. फिरते ते भांडे. ठोक्याला ठोका लागून ओळी उमटतात. हातोडीच्या तोंडावर एक बारीक ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यासरशी भांड्यावर उमटतो, म्हणून ते तोंड आरशासारखे घासून ठेवतात. हे सारे केवळ शोभेसाठी नव्हते. मठारल्याने तांबे घट्ट होते, भांडे चेपत नाही.

स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमने स्वयंपाकघर घेतले, गीझरने बंब हटवला, नळाने घागरीचे काम संपवले. पुढची पिढी नोकरीला लागली, यात नवल नाही. वाडे पाडून इमारती उठल्या. भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानकही आले. शेजार असा बदलला की दिवसभराची ठोकाठोक सगळ्यांनाच गोड वाटेल, हे धरून चालता येत नाही. वारसा फेऱ्यांतली मंडळी इथे हौसेने फोटो काढतात. खरेदी त्या मानाने कमीच.

तरी हातोड्या थांबलेल्या नाहीत. वास्तुरचनाकार आणि संकल्पनकार यांच्या मदतीने दिव्यांच्या छत्र्या, वाडगे, ट्रे, पाण्याची भांडी अशा वस्तू घडू लागल्या. पूर्वी भांडे टिकावे म्हणून मठारत. आता मठारलेले दिसावे म्हणून विकत घेतात. आळी जगते आहे ती या उलटापालटीवर, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

खोट आहे ती नकलेत. यंत्राने ठसे उठवलेली पातळ भांडी बाजारात ‘हातघडणीची’ म्हणून खपतात. साच्याचे ठसे ठरावीक अंतराने जसेच्या तसे पुन्हा येतात; हाताचे ठोके थोडे मागेपुढे होतात. घेणाऱ्याने भांडे उजेडात फिरवून पाहावे, वजन करून घ्यावे आणि शक्य तर ते थेट आळीतूनच घ्यावे.