थोर बापाचा वारसा : येणे आणि देणे

ताळेबंदाला दोन बाजू असतात. एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. वारसाने मालमत्ता तेवढी उचलायची आणि देणी मात्र ‘ते आमच्या वेळचे नाही’ म्हणून झटकायची, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. पुढाऱ्यांच्या घरात तर हे देणे नुसते पैशाचे नसते. त्यांच्या मोठेपणाखाली जी माणसे दबली, त्यांचेही ते देणे असते. अशा दोन घरांतील लेकरांची ही हकिगत. एक घर अमेरिकेतले, दुसरे पुण्याच्या नारायण पेठेतले.

पहिले घर थॉमस जेफरसन यांचे. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहून सर्व माणसे समान आहेत असे जगाला बजावणारे, पुढे त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले हे गृहस्थ. व्हर्जिनियातील एका टेकडीवर मॉन्टिचेलो हा त्यांचा वाडा आणि भोवती मोठे मळे. तंबाखू आणि गहू जेफरसन यांचा, राबणारे हात गुलामांचे. समतेच्या या उद्गात्याने हयातभरात सहाशेहून अधिक माणसे मालकीने बाळगली!

त्यांची थोरली मुलगी मार्था. आई लहानपणीच वारली. वडील अमेरिकेचे राजदूत म्हणून फ्रान्सला गेले, तेव्हा तीही बरोबर गेली आणि पॅरिसच्या एका मठातील शाळेत शिकली. १७८७ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, तिने वडिलांना लिहिलेल्या पत्रात गुलामांच्या हालांबद्दल दुःख व्यक्त केले आणि हे सारे मुक्त व्हावेत अशी मनापासूनची इच्छा लिहिली. चौदा वर्षांच्या पोरीला जे दिसले, ते जाहीरनामा लिहिणाऱ्या बापाला दिसत नव्हते काय? दिसत होते. गुलामगिरी वाईट आहे असे त्यांनीही लिहून ठेवले आहे. पण मळा गुलामांवर चालत होता.

१७९० साली मार्थाचे लग्न झाले. आपल्याकडे मुलीला भांडीकुंडी देतात, तशी जेफरसन यांनी मुलीला जमीन आणि गुलाम आंदण दिले. पुढे बापाच्या वाड्याचा सारा कारभार तिच्याच हाती आला. त्या वाड्यात सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. सॅली ही मार्थाच्या आईची सावत्र बहीण, म्हणजे मार्थाची मावशीच. या सॅलीला जेफरसन यांच्यापासून मुले झाली, ही चर्चा त्यांच्या हयातीतच वर्तमानपत्रांत आली होती. १९९८ साली झालेल्या डीएनए तपासणीनंतर बहुतेक इतिहासकारांनी ते मान्य केले. मार्थाने मात्र ते शेवटपर्यंत मान्य केले नाही. उलट, आजोबांच्या नावाला लागलेला हा डाग पुसा, असे तिने आपल्या मुलांना बजावल्याचे तिच्याच मुलाच्या सांगण्यावरून नमूद आहे.

१८२६ साली जेफरसन वारले, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरच्या वर कर्ज होते. मृत्युपत्राने त्यांनी फक्त पाच गुलामांना मुक्त केले. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर सामानसुमान, गुरेढोरे आणि १३० माणसे लिलावात काढली गेली. आई एकीकडे गेली, लेकरू दुसरीकडे. गुलाम विकावे लागतात याचे मार्थाला दुःख होत असे, हे तिच्या पत्रांत दिसते. पण कर्ज बापाचे आणि ते फेडले गेले गुलामांच्या संसारातून!

तिच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी लग्न झालेल्या बाईचा संपत्तीवर अधिकार नव्हता. नवरा कर्जबाजारी, पदरी अकरा मुले. तिच्या हाती फारसे नव्हते. पण तोंड तर तिचे होते! चौदाव्या वर्षी उघडलेले ते तोंड घराण्याच्या इभ्रतीने पुढे बंद केले.

गुलामगिरी अमेरिकेत १८६५ साली कायद्याने संपली. आणि १८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, नीग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. तिकडचे दास्य आणि इकडचे दास्य यांचे नाते तात्यासाहेबांनी तेव्हाच ओळखले होते. म्हणूनच आता आपल्या मुलखातल्या घराकडे वळू.

हे घर लोकमान्य टिळकांचे. टिळक मूळचे दापोली तालुक्यातील चिखलगावचे खोत. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा. पण कुळांना तो सरकारपेक्षा भारी होता. पिकातला वाटा द्यायचा, शिवाय वेठ करायची. खोताला कूळ विकता येत नव्हते, एवढा फरक अमेरिकेच्या मळ्याशी होताच. पण पोटाला पुरेना म्हणून कोकण सोडून परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेल्या आपल्या वाडवडिलांना खोताची दहशत सांगावी लागत नसे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तो याच खोतीविरुद्ध. कायद्याने खोती संपायला १९४९ साल उजाडले.

गिरगाव चौपाटीवर ज्यांचा पुतळा उभा आहे, त्या टिळकांनी १९१८ साली मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. पण अस्पृश्यता पाळणार नाही, या प्रतिज्ञापत्रकावर सही मागितली तेव्हा त्यांनी ती केली नाही. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले. पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. जेफरसन यांची लेखणी आणि टिळकांची वाणी, दोन्ही घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबल्या, असेच म्हणावे लागेल.

त्या उंबरठ्यावरून पुढे गेला तो टिळकांचा धाकटा मुलगा, श्रीधरपंत. मुंबईला आला की दादरला प्रबोधनकार ठाकऱ्यांकडे आणि परळला बाबासाहेबांकडे त्याची फेरी असे. १९२७ च्या गणेशोत्सवात विश्वस्तांचा विरोध पत्करून अस्पृश्य मुलांचा मेळा टिळकांच्या गायकवाड वाड्यात आणण्यात आला. बाबासाहेबांनी त्याच वर्षी मुंबईत समाज समता संघ काढला होता. ८ एप्रिल १९२८ रोजी श्रीधरपंतांनी संघाची पुणे शाखा थेट गायकवाड वाड्यातच उघडली, तीही बाबासाहेबांच्या उपस्थितीत. ज्या वाड्यातून ‘केसरी’ निघे, त्याच वाड्यात सहभोजनाची पंगत बसली! सही बापाने नाकारली, पोराने ती आपल्या वागण्याने केली.

याची किंमत मोठी होती. केसरी संस्थेच्या विश्वस्तांशी वाद, कोर्टकचेऱ्या आणि स्वकीयांचा रोष यांनी तो तरुण पिचून गेला. २५ मे १९२८ रोजी त्याने आपले जीवन संपवले. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रांपैकी एक बाबासाहेबांना होते. त्यात अस्पृश्योद्धाराच्या कार्याला त्याने यश चिंतले होते. ‘लोकमान्य’ ही पदवी खरी शोभली असती ती श्रीधरपंतांनाच, असे बाबासाहेबांनी नंतर लिहिले. जीव देणे हा मार्ग नव्हे, हे आपल्या तरुणांना निक्षून सांगितले पाहिजे. तो जगला असता तर चळवळीला एक खंदा माणूस लाभला असता. पण वारशातले देणे नाकारले नाही, असा पुढाऱ्याचा मुलगा महाराष्ट्रात होऊन गेला, हे विसरता कामा नये.

वाचकहो, हे सारे दुसऱ्यांच्या घराबद्दल वाचायला बरे वाटते. आता आपल्या घराकडे पाहू. आपल्याही घरांत आता शिकलेली, नोकरी करणारी लेकरे आहेत. मुलगी विचारते, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग लग्नाला पोटजात कशाला पाहता? मुलगा म्हणतो, मला हुंडा नको. सून विचारते, सभेत समतेवर बोलणाऱ्या मामंजींचे ताट घरात बाईनेच का उचलायचे? अशा वेळी आपण काय म्हणतो? ‘घरची अब्रू वेशीला टांगू नकोस. नातेवाईक काय म्हणतील?’ मार्थाला गप्प बसवले, ते याच वाक्याने.

आपल्या भगिनींना विशेष सांगणे आहे. घराण्याची इभ्रत सांभाळायचे काम नेहमी लेकी-सुनांवर टाकले जाते आणि त्या ओझ्याखाली खरे बोलणारा आवाज पहिल्यांदा दबतो. आपली मुलगी चौदाव्या वर्षी खरे बोलत असेल, तर ती चाळिसाव्या वर्षीही खरे बोलू शकेल असे घर तिला द्या. आईबापांवर माया असावी, जरूर असावी. पण आईबापांची चूक चूक म्हणून सांगणारे लेकरूच घराण्याचे देणे फेडत असते.